जिरेनियमचे पाच डबे

माघ सरता सरता कायतान बोटीवर गेला
आणि जाताना कुंपणावरून पाच डबे सरकवून गेला.
होडीच्या निळ्या रंगाचे रिकामे डबे,
बुडाला खिळ्याने भोकं पाडलेले.
"शेवंते, फूल सुकला काय देठासकट मोड.
दया करू नको."

बाकीचं कॅलेंडरच्या पाठीवर,
बोटीवरच्या स्वयंपाक्याच्या अक्षरात,
जशी काही सागुतीची कृती.
पाणी सकाळी, मुळाशी, पानांवर थेंब नको.
आधी माती बघ, बोट दुसऱ्या पेरापर्यंत खुपसून.
ऊन दहापर्यंत.
दर्याच्या वाऱ्याकडे पाठ.

माझं नाव शेवंती,
पण फूल म्हणून मी कधी काही लावलं नाही.
परड्यात अळू, नि मिरचीचं एक रोप, तेही आपसूक आलेलं.
दिवसभर मी कारखान्यात काजू फोडते.
गर अख्खा निघाला तर एक दर, तुकडा पडला तर दुसरा.
चीक भाजू नये म्हणून हातांना राख फासते,
तरी बोटं काळी ती काळीच.

ती बोटं घेऊन पहिल्या दिवशी पान चुरगळलं.
लिंबाची साल आणि गंजलेला खिळा
यांचा मिळून एक वास.
रात्री भात कालवतानाही तो हाताला होता,
चिकाच्या वर.

फाल्गुनात पाचही डबे पेटले.
लाल, दोन गुलाबी, एक पांढरा,
आणि एकाचा रंग मला अजून सांगता येत नाही,
कोकमाच्या सरबतात पाणी जास्त झालं तर होतो तसा.
शेजारचा गुणाजी काठी टेकून बघत राहिला.
"देवाक चलता?"
नाही.
"केसात ऱ्हवता?"
नाही, पाकळ्या गळतात.
"मगे कशाक गो?"
मला उत्तर आलं नाही. मी झाप ओलांडून पश्चिमेला उभं केलं,
वाऱ्यातलं मीठ पानांच्या कडा जाळत होतं.

मोडायचं मात्र जमेना.
झुपक्यात चार पाकळ्या अजून ताज्या,
बाकीच्या तपकिरी. मधेच कसं मोडायचं?
जिवंत आहे की अर्धं.
चार डब्यांत डोळे मिटून मोडलं,
देठ खाली जिथे फुटतो तिथून,
कट् असा बारीक आवाज येतो.
पाचव्यात, कोकमाच्या रंगाच्या त्या, मी ठेवलं.

चैत्र लागला. चारांना कळ्यांवर कळ्या,
माना खाली घातलेल्या, मग एक दिवस ताठ.
पाचव्याला नुसती पानं.
आणि माझ्या त्या जपलेल्या झुपक्यावर
बगळ्याच्या चोचीसारखी बियांची टोकं.
झाडाला वाटलं असेल, झालं आपलं काम.
कोणी सांगितलं नाही त्याला, अजून आहे म्हणून.

ती चोच मी मोडली.
हातांवरची उरलेली राख त्याच्याच मातीत झटकली,
केळीची साल बारीक करून पुरली,
आणि रोज कामावर जाताना त्याच्याकडे बघितलं नाही.
बघितलं की हात पाणी घालायला जातो,
आणि जास्त पाण्यानेच ती मरतात, कायतानने
दोन रेघा मारून लिहिलंय.

कॅलेंडरवर नसलेलं एक मी माझं करते.
दर रविवारी डबा पाव फिरवते.
उजेडाकडे झुकून झुकून झाड वाकडं होतं,
तसं माझी मानही एका बाजूला गेलीय
तीस वर्षं एकाच स्टुलावर बसून.

काल त्याचा फोन आला, मागे भांड्यांचा आवाज.
बोटीचा करार वाढला, आता पावसानंतरच.
मिरगाच्या आधी डबे पडवीत घे म्हणाला,
आणि प्रत्येकाची एकेक फांदी खोचून ठेव, वीतभर,
मूळ कुजलं तर हाताशी असावी.
मग विचारलं, "फुला किती इली?"
मी म्हटलं, उरलेली सांगू की मोडलेली?
तिकडे थोडा वेळ नुसता समुद्र.
"मोडलेली," तो म्हणाला.

मी मोजली नव्हती.
तरी आकडा सांगितला, जरा वाढवूनच.
पाचव्या डब्यात आज पानाच्या बेचक्यात
हिरवा मणी दिसतोय. कळी आहे की पान,
ते दोन दिवसांनी कळेल.